मेण, एरंडेल, रंग : प्रस्तावना

लिपस्टिकविषयी मराठीत जे छापून येतं ते साधारण दोन जातींचं असतं. एका जातीत मोरपंखी पैठणीवर कोणती शेड खुलेल याची चर्चा असते. दुसऱ्या जातीत लिपस्टिकमधल्या शिशाने काय काय होतं याची धास्ती घातलेली असते. पहिल्या जातीच्या लेखात घटकांचं नावच निघत नाही, दुसरीच्या लेखात एकाच घटकाचं निघतं. खोक्यावर मात्र वीस-पंचवीस नावं मुंगीच्या अक्षरांत छापलेली असतात आणि ती वाचायला दुकानात सहसा कुणी थांबत नाही. हे पुस्तक त्या यादीचं वाचन आहे.

यादी उलगडत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. आपल्याला भीती वाटते ती एका गोष्टीची, त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि ज्याची किंमत खरोखर कुणीतरी मोजतं ते तिसरंच असतं. पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत. प्रस्तावनेत मी थेट त्या क्रमाने सुरुवात करणार नाही, कारण आधी ही वस्तू मुळात आहे काय ते सांगायला हवं.

कांडीची लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. ढोबळमानाने अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त तेलं, पाचव्या हिश्श्याच्या आगेमागे मेणं, दहाएक टक्के रंग आणि उरलेल्यात वास, चव, तेल टिकवणारी द्रव्यं. ही युक्ती कुणा पाश्चात्त्य कारखानदाराने शोधलेली नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची, म्हणजे शहरी शौकीन पुरुषाची, सकाळ वर्णिली आहे. त्यात तो ओठांना सिक्थक आणि अलक्तक लावतो, मग आरशात तोंड पाहतो, विडा घेतो आणि कामाला लागतो. सिक्थक म्हणजे मेण, अलक्तक म्हणजे लाखेचा रंग, आपला अळता. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात ओठांवर मेण आणि लाल रंग आहे आणि तोही पुरुषाच्या ओठांवर, याची आठवण लिपस्टिकला परकी म्हणणाऱ्यांना अधूनमधून करून द्यावी. आयुर्वेदातलं सिक्थतैल, म्हणजे तिळाच्या तेलात विरघळवलेलं मेण, हे तर सरळसरळ आजच्या लिप बामचं सूत्र आहे. आणि ज्यांच्या आजीच्या करंड्यात कुंकवाशेजारी मेणाची इवलीशी डबी असे, त्यांना हे तंत्र समजावून सांगायची गरजच नाही. कपाळावर आधी मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू. कोरडी पूड कातडीवर ठरत नाही, तिला धरून ठेवायला मेण लागतं. लिपस्टिकमध्ये तेच मेण आणि तोच रंग आधीच एकत्र करून कांडीत ओतलेला असतो.

तेलांमध्ये पहिला मान एरंडेलाचा. यादीत ते ‘रिसिनस कम्युनिस सीड ऑइल’ या नावाने येतं आणि पुष्कळ कांड्यांवर अगदी पहिल्या ओळीत येतं. पोट साफ करायला नाक दाबून पाजलं जाणारं तेल ओठांवर मिरवतं, याचं अनेकांना हसू येतं. पण त्याला पर्याय शोधणं रसायनज्ञांना जड गेलं आहे. एरंडेलाच्या मेदाम्लांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के वाटा एकट्या रिसिनोलिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या लांब साखळीच्या मध्येच एक हायड्रॉक्सिल गट असतो, जो शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलातल्या मेदाम्लांत नसतो. त्या एका गटामुळे तेल दाट होतं, ओठांवरून ओघळत नाही, रंगाच्या कणांना नीट ओलं करतं आणि काही रंग, जे इतर तेलांत विरघळतच नाहीत, ते स्वतःत विरघळवून घेतं. कारखान्यात रंगाची पूड आधी एरंडेलात कालवून तीन फिरत्या रुळांमधून घोटतात. गुठळी राहिली तर ती ओठांवर रेघ होऊन दिसते. मग वितळलेल्या मेणात हे घोटलेलं मिश्रण मिसळायचं, साच्यात ओतायचं, थंड करायचं आणि बाहेर काढलेल्या कांडीवरून क्षणभर ज्योत फिरवायची. दुकानातल्या नव्या कांडीवरची चकाकी ही त्या ज्योतीची असते.

एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं हेही खरं आहे, आणि त्यावरून अधूनमधून आरोळी उठते. रायसिन हे प्रथिन आहे, ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. जगातलं सर्वांत जास्त एरंड भारतात पिकतं आणि त्यातलं बहुतेक गुजरातेत. पॅरिसच्या दुकानातल्या महागड्या कांडीतही मेहसाणा-बनासकांठ्याकडचं तेल असण्याची शक्यता बरीच आहे. तिचा भाव पाहताना एवढं ध्यानात ठेवावं.

मेणांचं काम कांडीला उभं ठेवणं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, मेक्सिकोच्या वाळवंटातल्या झुडपापासून मिळणारं कँडेलिला मेण सत्तरीच्या आसपास, आणि ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडलेलं कार्नाउबा ८२ ते ८६ अंशांना. एकट्या मधमाशीच्या मेणाची कांडी मऊ पडते, एकट्या कार्नाउबाची ठिसूळ होते आणि ओठांवर खरखरते. म्हणून दोन-चार मेणं मिसळतात, सोबत खनिज तेलापासून काढलेली मेणंही असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, बंद गाडीत तर त्याहून वर जातो. अशा वेळी कांडीवर बारीक थेंब जमतात, ज्याला कारागीर घाम म्हणतात. ते पाणी नसतं. मेणाच्या जाळीत अडकलेलं तेल उष्णतेने सुटून बाहेर आलेलं असतं. त्याने लिपस्टिक बिघडत नाही. बिघडते ती खवट वास आल्यावर, कारण तेव्हा तेलाचं हवेतल्या प्राणवायूशी लग्न लागून गेलेलं असतं. हे लांबवण्यासाठी यादीच्या शेपटाला टोकोफेरॉल किंवा बीएचटी असतं. टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई. खोक्याच्या दर्शनी बाजूला त्याचं नाव ‘पोषण’ म्हणून मोठ्या अक्षरांत येतं. बहुतेक वेळा पोषण कांडीतल्या तेलाचं होत असतं.

कोकणातल्या वाचकाने यादीत एक नाव शोधावं: ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’. हे आपलं कोकमाच्या बियांचं तेल, कुठे मुठेल, गोव्याकडे भिरंडेल. थंडीत ओठ उलले, टाचा फुटल्या की पांढरट गोळा दिव्यावर धरून त्याचा थेंब लावायचा, हा घरोघरचा उपाय होता. ते साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे डबीत घट्ट आणि कातडीवर घासलं की मऊ. लिप बाम बनवणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं, म्हणून आता ते परदेशी डब्यांवर लॅटिन नावाने परत येतं आणि आठवडी बाजारातल्या गोळ्याच्या कैक पट भावाने विकलं जातं.

रंगांचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लांबलं आहे आणि ते मी कमी केलं नाही. यादीच्या शेवटी ‘सीआय’ अक्षरांपुढे पाच आकडे असतात. तो रंगांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे लोहाचे ऑक्साइड: लाल, पिवळा, काळा. गेरूचा लाल रंग याच कुळातला, म्हणून तपकिरी आणि विटकरी शेड बहुधा यांवरच उभ्या असतात. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, जो गडद रंग फिका करून गुलाबी बनवतो. युरोपीय संघाने २०२२ साली तो खाद्यपदार्थांतून हद्दपार केला, पण लिपस्टिकमध्ये चालू ठेवला. ओठांवरचं काही ना काही पोटात जातंच, तेव्हा या दोन निर्णयांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की इथे मात्रा पाहावी लागते. मिठाईवरचा पांढरा लेप आणि ओठांवरचा पातळ थर यांत फरक आहे.

लालभडक रंग लोहाने मिळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत बनवलेले रंग लागतात, उदाहरणार्थ १५८५०, किंवा मग कार्माइन, क्रमांक ७५४७०. कार्माइन किड्यापासून मिळतं. फड्या निवडुंगावर वाढणारा कोचिनील नावाचा हा बारीक किडा वाळवून त्याचा रंग काढतात. पौंडभर मालाला सत्तर हजारांच्या घरात किडे लागतात आणि आज सर्वांत जास्त उत्पादन पेरूमध्ये होतं. ईस्ट इंडिया कंपनीला हा धंदा हिंदुस्थानात आणायचा होता. १७९५ च्या सुमारास बंगालमध्ये किडा आला खरा, पण तो भाऊबंदातला दुसराच निघाला. रंग निकृष्ट दिला आणि निवडुंग मात्र फस्त करत सुटला. पुढे १९२० च्या दशकात श्रीलंकेतून आणखी एक कोचिनील मुद्दाम आणून दख्खनच्या माळांवर माजलेला निवडुंग हटवण्यात आला. कीटकाकरवी तण मारण्याच्या शास्त्राचा इतिहास लिहिणारे सुरुवात १७९५ पासूनच करतात, आणि त्या सुरुवातीच्या मुळाशी लाल रंगाची हाव आहे.

शाकाहारी वाचकाला, विशेषतः जैन घरांत, हे प्रकरण महत्त्वाचं वाटेल. कार्माइनच्या जोडीला मधमाशीचं मेण (‘सेरा अल्बा’), मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन, पूर्वी शार्कच्या यकृतातून काढलं जाणारं आणि आता ऑलिव्ह किंवा उसापासूनही मिळणारं स्क्वालेन आणि जुन्या काळी मोत्यासारखी झाक देण्यासाठी वापरलेली माशांच्या खवल्यांची चमक, एवढी नावं ओळखता आली की पुरे.

रंगांतला आणखी एक कुटुंबकबिला ब्रोमो आम्लांचा. हे रंग ओठांवर नुसते बसत नाहीत, वरच्या कातडीतल्या प्रथिनांना रंगवतात. हेझल बिशप या अमेरिकन रसायनतज्ज्ञ बाईंनी १९५० साली न पुसणारी लिपस्टिक बाजारात आणली ती याच रंगांच्या जोरावर. त्याआधी महायुद्धाच्या काळात त्या तेल कंपनीत विमानाच्या इंधनावर काम करत होत्या. बिनरंगी दिसणारी आणि लावल्यावर गुलाबी होणारी जादूची कांडी जत्रेत मिळते, तिच्यातही हाच रंग असतो. कांडीतल्या कोरड्या, आम्लधर्मी मेणात तो रंगहीन राहतो, ओठांचा ओलावा आणि कमी आम्लता भेटली की उघडतो. ‘तुमच्या व्यक्तिमत्त्वानुसार बदलणारी शेड’ ही जाहिरात तेवढी सोडून द्यावी, सगळ्यांच्या ओठांवर ती गुलाबीच होते.

आता शिसं. आपल्याकडे ही भीती निराधार नाही, कारण शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड आहे आणि हिंगूळ हे पाऱ्याचं संयुग. लाल रंगासाठी विष वापरण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. लिपस्टिकमध्ये शिसं कुणी मुद्दाम घालत नाही. शिशाची संयुगं रंगासाठी वापरायला भारतात बंदी आहे. ते येतं खाणीतून निघालेल्या रंगद्रव्यांतली अशुद्धी म्हणून. आपल्या नियमांत सौंदर्यप्रसाधनांच्या रंगांना शिशाची मर्यादा २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग, अशी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिक तपासल्या तेव्हा सरासरी १.११ पीपीएम निघाली, सर्वांत वाईट नमुना ७.१९ पीपीएमचा होता.

हे आकडे पोटात किती जातात ते मांडून पाहू. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ च्या अभ्यासात सरासरी वापर दिवसाला २४ मिलिग्रॅम आणि भरपूर लावणाऱ्यांसाठी ८७ मिलिग्रॅम धरला होता. सगळंच गिळलं असं मानलं तरी सरासरी लिपस्टिकमधून दिवसाला मायक्रोग्रॅमचा साधारण चाळिसावा हिस्सा शिसं जातं. सर्वांत वाईट कांडी सर्वांत जास्त लावली तरी ते एका मायक्रोग्रॅमच्या आत, साधारण ०.६३ राहतं. शिशाला सुरक्षित पातळी नाही असं वैद्यकशास्त्र मानतं, म्हणून गरोदर बाईने आणि लहान मुलींनी ते टाळावं हे मी पुस्तकातही लिहिलं आहे. पण निकृष्ट हळदीत रंग खुलवायला घातलेलं शिसं किंवा जुन्या रंगाचे भिंतीवरून गळणारे पापुद्रे यांपुढे लिपस्टिकचा नंबर फार मागे लागतो. बाई आयुष्यात चार किलो लिपस्टिक खाते, असा एक मेसेज नेहमी फिरतो. एक कांडी साधारण चार ग्रॅमची. चार किलो म्हणजे हजार कांड्या. वरच्या सरासरीने वर्षाला पावणेनऊ ग्रॅम, म्हणजे दोनाहून थोड्या जास्त कांड्या होतात. पन्नास वर्षांत अर्धा किलोही भरत नाही. सोन्याची अंगठी घासली आणि काळी रेघ उठली की त्यात शिसं आहे, हाही मेसेज तसलाच. सोनं कित्येक मेणांवर काळपट रेघ सोडतं, मेणात शिसं असो वा नसो.

मग त्रास कशाचा होतो? ओठांची कातडी निराळी आहे. तिचा वरचा थर पातळ असतो, घामाच्या ग्रंथी नसतात, तेल सोडणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नसतात, म्हणून ओठ स्वतःला तेलकट ठेवू शकत नाहीत. अशा जागी सुगंधी द्रव्यं, दालचिनी किंवा पुदिन्याची तेलं, लॅनोलिन, काही रंग यांची अॅलर्जी उठते. आपलं साधंसुधं एरंडेलही त्यात आहे. रिसिनोलिक आम्लाला वावडं असलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना माहीत आहेत. ओठ खाजतात, सोलतात, कडेला काळवंडतात. बाई समजते की ओठ कोरडे पडले आणि त्याच वासाचा बाम आणखी चोपडते. ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दामागे कितीही द्रव्यं लपू शकतात. युरोपने आधी २६ सुगंधी द्रव्यांची नावं वेगळी छापायला लावली, २०२३ साली ती संख्या ऐंशीच्या पुढे नेली. आपल्या खोक्यांवर तो एक शब्दच बहुधा भागवून नेतो. सहा महिने ओठ बरे होत नसतील तर शिशाची तपासणी करायला धावण्याआधी बिनवासाची कांडी वापरून पाहावी, आणि तरीही न सुधारल्यास पॅच टेस्ट करून घ्यावी.

मॅट द्रवरूप लिपस्टिकचा त्रास याहून सरळ आहे. तिच्यात आयसोडोडेकेन नावाचा उडून जाणारा द्रव असतो आणि सोबत सिलिकॉनची राळ. द्रव उडाला की रंगाचा पातळ पापुद्रा ओठांवर घट्ट बसतो. चहाच्या कपाला डाग लागत नाही, पण ओठांवर तेलही राहत नाही. लग्नाच्या दिवशी ती लावावी, रोज ऑफिसला लावून मग ओठ फुटतात म्हणून तक्रार करू नये. लिप प्लम्परमधली मिरचीही अशीच: ओठ भरदार दिसतात, कारण त्यांना चक्क किंचित सूज आलेली असते.

पॅराबेनचा फार मोठा बोभाटा झाला, त्याला मी दोनच पानं दिली आहेत. कांडीच्या लिपस्टिकमध्ये पाणी नसतं, त्यामुळे जंतू वाढायला वाव कमी आणि संरक्षक द्रव्यांची गरजही कमी. ‘पॅराबेन-फ्री’ असं तिच्यावर छापणं फारसं अवघड नाही. पाणी कुठे येतं? घरी बीट किसून बनवलेल्या बाममध्ये येतं. बीटाचा रंग पाण्यात विरघळतो, मेणात नाही. तो डबीच्या तळाशी बसतो, फिका पडतो आणि चार-आठ दिवसांत आंबतो. घरी रंग करायचाच असेल तर रतनजोत तेलात टाकावी, तिचा लाल रंग तेलात उतरतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण या पुस्तकात कुठेही गृहीत धरलेलं नाही. हिंगूळही खाणीतूनच निघतो.

आणि तिसरी गोष्ट, जिची किंमत वापरणाऱ्या बाईला मोजावी लागत नाही. कांडीतली चमचम बहुधा अभ्रकाची असते, क्रमांक ७७०१९. झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीहच्या डोंगरांत बंद पडलेल्या किंवा बेकायदा खाणींतून गावकरी अभ्रकाचा भुगा वेचतात, त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. पोरं या कामात असतात, कारण अरुंद बिळांत ती शिरू शकतात. रॉयटर्सच्या फाउंडेशनने २०१६ साली तिथल्या मुलांचे दडपलेले मृत्यू उघडकीला आणले. पुढच्या वर्षी कंपन्या आणि संस्थांनी मिळून अभ्रकाच्या साखळीवर लक्ष ठेवणारा एक मंच काढला. अभ्रक फक्त सौंदर्यप्रसाधनांत जातो असं नाही, मोटारींच्या रंगात आणि विजेच्या उपकरणांत तो पुष्कळ जातो. पण यादीत त्याचं नाव समोर दिसतं ते इथे. काही कंपन्या आता कृत्रिम अभ्रक वापरतात. यादीत तो ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ असा येतो. मात्र त्या मुलांच्या घरात ढिबऱ्यावाचून काय शिजतं, हा प्रश्न त्या नावाने सुटत नाही. पुस्तकातलं हे प्रकरण सर्वांत लहान आणि सर्वांत अपुरं आहे. ओठांना काय होतं ते यादीवरून कळतं, गिरिडीहमध्ये काय होतं ते यादीवरून कळत नाही.

वाचण्याची रीत थोडक्यात सांगतो. आपल्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे असतात. त्याखालचे कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणून पहिली पाच-सहा नावं म्हणजे खरी लिपस्टिक. वास किंवा टोकोफेरॉल दिसलं की त्यापुढचं बरंचसं चिमूटभर समजावं, मग त्यात केशर असो की हिऱ्याची भुकटी. एकाच मालिकेतल्या सगळ्या शेडसाठी रंगांची एकच सामाईक यादी ‘असू शकतात’ अशा सूचनेखाली देण्याची पद्धत आहे, तेव्हा तिथे कार्माइन दिसलं म्हणजे तुमच्या शेडमध्ये ते असेलच असं नाही. कंपनीला विचारावं लागतं.

एक मर्यादा आधीच सांगितलेली बरी. दादरच्या फुटपाथवर किंवा लोकलच्या डब्यात शंभर रुपयांना नामांकित कंपनीची ‘फर्स्ट कॉपी’ मिळते. तिच्यावर यादी असते, पण ती मूळ मालावरून उतरवलेली असते, आतल्या मालावरून नाही. २० पीपीएमची मर्यादा, उतरता क्रम, सीआय क्रमांक, यांतलं काहीही तिला लागू करता येत नाही. हे पुस्तक हातात घेऊन ती तपासायला जाऊ नये.